पोर्टरांचा पुढारी : ए. फिलिप रँडॉल्फ

फेब्रुवारी महिना आला की अमेरिकेतल्या शाळांमध्ये कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना साजरा होतो. आपली मुले घरी येऊन सांगतात की कुणातरी थोर व्यक्तीवर प्रोजेक्ट करायचा आहे. बहुतेक मुले मार्टिन ल्यूथर किंग किंवा रोझा पार्क्स यांची निवड करतात. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांची ओळख मुलांपेक्षा आई-वडिलांनाच जास्त असते, कारण वीणा गवाणकरांच्या 'एक होता कार्व्हर' या पुस्तकाने कार्व्हर मराठी घराघरांत पोचवले आहेत. पण ज्यांचे नाव या यादीत खूप वर असायला हवे, असे एक नाव आपल्या मंडळींत क्वचितच ऐकू येते. ते म्हणजे ए. फिलिप रँडॉल्फ.

आपल्यापैकी ज्यांनी या देशात नोकरीसाठी अर्ज केले आहेत, त्यांनी अनेक जाहिरातींच्या तळाशी छापलेली एक ओळ पाहिली असेल. आम्ही सर्वांना समान संधी देतो. वंश, रंग, धर्म, लिंग किंवा मूळ देश पाहून भेदभाव करत नाही, अशा अर्थाची ती ओळ असते. आपण ती वाचतो आणि पुढे जातो. त्या ओळीचा उगम शोधत मागे मागे गेलो, तर आपण आगगाडीच्या डब्यात पोचतो! प्रवाशांच्या गाद्या घालणाऱ्या, त्यांचे बूट चमकवणाऱ्या आणि रात्री तीन-चार तासच झोपणाऱ्या पोर्टरांच्या डब्यात. या पोर्टरांना एकत्र आणणाऱ्या माणसाची ही गोष्ट आहे.

बालपण

एसा फिलिप रँडॉल्फ यांचा जन्म १५ एप्रिल १८८९ रोजी फ्लोरिडा राज्यातील क्रेसेंट सिटी या छोट्या गावी झाला. दोन वर्षांनी हे कुटुंब जॅक्सनव्हिल शहरात राहायला गेले. वडील जेम्स हे चर्चचे पाद्री होते, पण गरीब वस्तीतल्या चर्चच्या उत्पन्नावर घर चालत नसे. म्हणून ते शिंपीकामही करत. आई एलिझाबेथ शिवणकामात कुशल होती. घरात पैसा नव्हता, पुस्तके मात्र होती. फिलिप आणि त्यांचा थोरला भाऊ जेम्स या दोघांवर आई-वडिलांनी एक गोष्ट बिंबवली होती, की आपण कुणापेक्षाही कमी नाही.

त्या काळी दक्षिणेकडच्या राज्यांत हे मानणे सोपे नव्हते. बसण्याच्या जागा वेगळ्या, पाण्याचे नळ वेगळे, वाचनालये वेगळी. एखाद्या कृष्णवर्णीयावर आळ आला की खटला चालण्याआधीच जमाव त्याला तुरुंगातून ओढून काढून फासावर लटकवत असे. एका रात्री अशीच बातमी आली. तेव्हा वडील कोटाखाली पिस्तूल लपवून इतर माणसांबरोबर तुरुंगावर पहारा द्यायला गेले. आई रात्रभर मांडीवर भरलेली बंदूक घेऊन दाराशी बसून राहिली. त्या रात्री तो कैदी वाचला. चार माणसे ठामपणे एकत्र उभी राहिली तर जमावालाही थांबावे लागते, हा धडा लहानग्या फिलिपने तेव्हाच गिरवला.

१९०७ साली ते कुकमन इन्स्टिट्यूट या शाळेतून पहिल्या क्रमांकाने बाहेर पडले. पण पहिला क्रमांक असूनही त्यांना मिळाली ती हमालीची आणि मजुरीची कामे. हुशारीची कमतरता नव्हती, दार बंद होते. याच काळात डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांचे 'द सोल्स ऑफ ब्लॅक फोक' हे पुस्तक त्यांच्या वाचनात आले आणि आयुष्य समाजाच्या हक्कांसाठी खर्च करायचे, ही कल्पना मनात रुजली.

हार्लेमचे दिवस

१९११ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी ते न्यूयॉर्कला आले. खरे तर त्यांना नट व्हायचे होते! शेक्सपिअरची नाटके त्यांनी पाठ केली होती. आई-वडिलांनी विरोध केल्यामुळे रंगभूमीचे स्वप्न सुटले, पण नाटकासाठी कमावलेला तो धीरगंभीर आवाज आणि स्वच्छ उच्चार जन्मभर उपयोगी पडले. दिवसा लिफ्ट चालवणे, वेटरचे काम करणे आणि रात्री सिटी कॉलेजच्या वर्गांना बसणे असा त्यांचा क्रम होता. योगायोग असा, की १९१३ ते १९१६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर हार्लेमला लागूनच असलेल्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते.

१९१४ च्या सुमारास त्यांचा विवाह ल्युसिल ग्रीन यांच्याशी झाला. ल्युसिल हॉवर्ड विद्यापीठाच्या पदवीधर होत्या आणि हार्लेममध्ये केशरचनेचे दुकान चालवत. पुढची कित्येक वर्षे घरखर्च आणि पतीच्या चळवळीचा बराचसा खर्च या दुकानातून भागला. रँडॉल्फ यांच्यावर लिहिताना ल्युसिल यांचा उल्लेख एका वाक्यात उरकला जातो, हे योग्य नाही. त्यांचा आधार नसता तर पुढचे काही घडणे कठीणच होते.

१९१७ साली चँडलर ओवेन या मित्रासोबत त्यांनी 'द मेसेंजर' हे मासिक सुरू केले. समाजवादी विचारांचे आणि पहिल्या महायुद्धाला उघड विरोध करणारे हे मासिक सरकारच्या डोळ्यात खुपू लागले. १९१८ साली क्लीव्हलँड येथे दोघांना अटक झाली. न्यायाधीशासमोर उभे केल्यावर मात्र वेगळाच प्रकार घडला. एवढे तर्कशुद्ध लेख हे कृष्णवर्णीय तरुण लिहू शकतील यावर न्यायाधीशाचा विश्वासच बसेना. कुणा गोऱ्या समाजवाद्यांनी यांना पुढे केले असणार असे समजून त्याने दोघांना सोडून दिले. अपमानातून सुटका झाली, असे म्हणायचे की सुटकेतून अपमान?

डब्यातला 'जॉर्ज'

महात्मा फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ लिहिला आणि गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जन लोकांना तो अर्पण केला, हे आपण शाळेत शिकलो आहोत. पण मुक्त झालेल्या या माणसांना पुढे काम कोणते मिळाले? त्याचे एक उत्तर होते पुलमन कंपनी.

जॉर्ज पुलमन यांनी यादवी युद्धानंतर लांबच्या प्रवासासाठी आगगाडीचे झोपण्याचे आलिशान डबे सुरू केले. मखमली पडदे, स्वच्छ चादरी आणि सेवेला एक पोर्टर. आपल्याकडचा स्टेशनवरचा हमाल वेगळा आणि हा पोर्टर वेगळा. हा पूर्ण प्रवासभर डब्यातच असे. सामान चढवणे, बिछाने घालणे आणि काढणे, बूट पॉलिश करणे, मुले सांभाळणे, आजारी प्रवाशाची काळजी घेणे, मध्यरात्री घंटा वाजली की धावणे, सगळे त्याच्याकडे. या कामासाठी पुलमन यांनी मुद्दाम पूर्वीच्या गुलामांना घेतले. सेवेची सवय असलेली आणि कमी पगारात राबणारी माणसे त्यांना हवी होती.

पोर्टरला प्रवासी त्याच्या नावाने हाक मारत नसत. सगळ्यांना एकच नाव होते, जॉर्ज! गुलामाला मालकाच्या नावाने ओळखण्याची जुनी पद्धत इथे पुढे चालू राहिली होती. आपले नाव पोर्टरांना लावले जाते म्हणून जॉर्ज नावाच्या काही गोऱ्या मंडळींनी गमतीने एक सोसायटीसुद्धा काढली होती. त्यांना ती गंमत वाटली, यातच सारे आले.

१९२० च्या दशकात पुलमनकडे दहा-बारा हजार पोर्टर होते. कृष्णवर्णीयांना नोकरी देणारी ही देशातली सर्वांत मोठी खासगी कंपनी होती, आणि कंपनी त्याचे उपकारही मोजून दाखवत असे. महिन्याला ४०० तास किंवा ११,००० मैल भरायचे, तेव्हा किमान पगार मिळे ६७.५० डॉलर्स. गाडी सुटण्यापूर्वी डबा तयार करण्याचे तास धरले जात नसत. जेवण आणि बूट पॉलिशसुद्धा स्वतःच्या खिशातून. उरलेली भरपाई प्रवाशांच्या बक्षिशीतून करायची, म्हणजे कायम हसतमुख राहायचे. कंडक्टरचे काम पोर्टरवर पडे, पण तो कंडक्टर कधी होऊ शकत नसे. ती जागा गोऱ्यांसाठी राखीव होती.

तरीही आपल्या समाजात पोर्टरला मान होता. तो देश पाहिलेला, दहा शहरांच्या बातम्या आणणारा माणूस होता. उत्तरेकडची कृष्णवर्णीयांची वर्तमानपत्रे दक्षिणेत पोचवणारे हेच पोर्टर.

बारा वर्षांची लढाई

पोर्टरांनी संघटना काढायचा प्रयत्न केला की पुढारी कामावरून जात. म्हणून ॲशली टॉटेन या पोर्टरने एक युक्ती काढली. पुढारी असा हवा की ज्याला कंपनी काढूच शकणार नाही. रँडॉल्फ पोर्टर नव्हते, कंपनीचे नोकर नव्हते आणि बोलण्यात पटाईत होते. २५ ऑगस्ट १९२५ रोजी हार्लेममध्ये सभा भरली आणि ब्रदरहुड ऑफ स्लीपिंग कार पोर्टर्स ही संघटना जन्माला आली. सभेत कंपनीचे हेर बसलेले असणार हे सर्वांना माहीत होते. त्यामुळे रँडॉल्फ यांनी प्रार्थना, भाषण, ठराव सारे काही स्वतःच केले. एकाही पोर्टरला तोंड उघडावे लागले नाही, म्हणजे हेरांना कुणाचे नाव टिपून घेता येईना!

पुढची बारा वर्षे कसोटीची होती. संघटनेचे सभासद असल्याच्या संशयावरून पोर्टरांना काढून टाकले गेले. कंपनीने स्वतःची एक बुजगावणी संघटना उभी केली. कृष्णवर्णीयांची कित्येक वर्तमानपत्रे आणि पाद्रीसुद्धा कंपनीच्या बाजूने बोलत होते, कारण कंपनी पैसा देत होती आणि आहे ती नोकरी जाईल ही भीतीही खरी होती. शिकागोमध्ये मिल्टन वेबस्टर आणि ओकलंडमध्ये सी. एल. डेलम्स यांनी संघटना टिकवून धरली.

१९२५ पासूनच कंपनीने आणखी एक डाव टाकला. काही खास डब्यांत तिने फिलिपिनो तरुणांना कामावर घ्यायला सुरुवात केली. संदेश स्पष्ट होता : तुम्ही नसाल तर दुसरे आहेत. संघटनेचा राग तेव्हा कंपनीबरोबरच त्या फिलिपिनो तरुणांवरही निघाला. त्या काळात बाहेरून येणाऱ्या मजुरांवर बंधने घालावीत असेच रँडॉल्फ यांचेही मत होते. परदेशातून आलेल्या आपल्यासारख्यांनी ही गोष्ट विसरू नये. दोन गरजूंना एकमेकांसमोर उभे करून मजुरी कमी ठेवायची, हा खेळ जुना आहे आणि त्यात भलेभले फसतात.

१९२८ साली संपाची तयारी झाली, पण कंपनीने संप मोडणारी माणसे तयार ठेवली होती. संप फसला असता तर सारेच संपले असते. रँडॉल्फ यांनी आयत्या वेळी संप मागे घेतला. त्यांच्यावर प्रचंड टीका झाली. सभासद गळू लागले. त्यातच मंदी आली. १९३३ पर्यंत सभासदांची संख्या ६५८ वर घसरली. कचेरीचे भाडे भरता येईना, वीज तोडली गेली. 'मेसेंजर' बंद पडले होते. नवऱ्याच्या राजकारणामुळे ल्युसिल यांच्या दुकानातली गिऱ्हाइके कमी झाली. रँडॉल्फ विटलेल्या सुटात, झिजलेल्या बुटांत सभांना जात. पण सूट इस्त्रीचा असे आणि बोलणे तसेच ठाम.

मग वारे फिरले. १९३४ साली रूझवेल्ट सरकारने रेल्वे कामगारांच्या कायद्यात दुरुस्ती केली आणि त्यात पोर्टरांचाही समावेश झाला. १९३५ साली पोर्टरांनी मतदान केले. ब्रदरहुडला ५,९३१ आणि कंपनीच्या संघटनेला १,४२२ मते पडली. अखेर २५ ऑगस्ट १९३७ रोजी, संघटना स्थापन झाली त्याच तारखेला बरोबर बारा वर्षांनी, पुलमन कंपनीने करारावर सही केली. महिन्याचे ४०० तास २४० वर आले आणि पगारात एकूण साडेबारा लाख डॉलर्सची वाढ मिळाली. एका मोठ्या अमेरिकन कंपनीने कृष्णवर्णीयांच्या संघटनेशी असा करार करण्याची ही पहिलीच वेळ होती.

न निघालेला मोर्चा

१९४० साली युरोपात युद्ध पेटले होते. अमेरिकेत विमाने, जहाजे, तोफा बनवणारे कारखाने दिवसरात्र चालू लागले आणि मंदीत रिकामे बसलेले लाखो लोक कामाला लागले. कृष्णवर्णीयांना मात्र फाटकावरूनच परत पाठवले जाई. काही कारखाने उघडपणे सांगत की घेतलेच तर झाडूकाम करायला घेऊ. हिटलरच्या वंशवादाविरुद्ध लढायची तयारी करणारा देश स्वतःच्या कारखान्यात वंश पाहून माणसे घेत होता.

सप्टेंबर १९४० मध्ये रँडॉल्फ आणि इतर पुढारी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना भेटले. गोड शब्दांपलीकडे काही मिळाले नाही. तेव्हा रँडॉल्फ यांनी ठरवले की आता विनंत्या पुरे. जानेवारी १९४१ मध्ये त्यांनी जाहीर केले की १० हजार कृष्णवर्णीय वॉशिंग्टनच्या रस्त्यावर मोर्चा काढतील. १ जुलै ही तारीख ठरली. पोर्टर गाडीगाडीतून, गावागावांतून ही बातमी घेऊन गेले, आणि बघता बघता १० हजारांचा आकडा एक लाखावर गेला.

सरकार हादरले. एलिनॉर रूझवेल्ट आणि न्यूयॉर्कचे महापौर ला ग्वार्डिया यांनी समजूत घालून पाहिली. १८ जूनला राष्ट्राध्यक्षांनी स्वतः बोलावून घेतले. रूझवेल्ट गप्पांत माणसाला गुंगवण्यात तरबेज होते. त्यांनी सुरुवातीलाच रँडॉल्फ यांना हार्वर्डच्या कोणत्या सालचे, असे विचारले. आपण हार्वर्डला कधी गेलोच नाही, असे शांतपणे सांगून रँडॉल्फ यांनी विषय पुन्हा नोकऱ्यांवर आणला. आदेश काढल्याशिवाय मोर्चा मागे घेणार नाही, हे त्यांनी नम्रपणे पण स्पष्ट सांगितले. जोसेफ राऊ नावाच्या तरुण वकिलाकडे मसुदा लिहायचे काम आले. रँडॉल्फ मसुदा नापसंत करत गेले आणि राऊ पुन्हा पुन्हा लिहीत गेले.

२५ जून १९४१ रोजी रूझवेल्ट यांनी ८८०२ क्रमांकाचा आदेश काढला. सरकारी खात्यांत आणि युद्धसामग्रीच्या कारखान्यांत वंश, धर्ममत, रंग किंवा मूळ देश यांवरून भेदभाव करता येणार नाही, असे त्यात म्हटले होते. तक्रारी ऐकण्यासाठी एक समितीही नेमली गेली. मोर्चा निघालाच नाही, आणि तरी जिंकला!

हा विजय अपुरा होता. सैन्यातला भेदभाव तसाच राहिला. समितीला दात नव्हते आणि १९४६ साली ती बंदच झाली. मोर्चा मागे घेतला म्हणून तरुण कार्यकर्ते रँडॉल्फ यांच्यावर चिडलेही. पण युद्धाच्या कारखान्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास होते, ते युद्ध संपेपर्यंत ८ टक्क्यांच्या आसपास गेले. त्यात मजुरांची टंचाई हेही मोठे कारण होते, हे खरे. तरी नोकरीत भेद करू नये हे सांगणे सरकारचे काम आहे, हे तत्त्व प्रथमच कागदावर आले. १९४५ साली न्यूयॉर्क राज्याने तर नोकरीतील भेदभावाविरुद्ध कायदाच केला. असा कायदा करणारे ते पहिले राज्य.

सैन्याचा प्रश्न रँडॉल्फ यांनी सोडला नव्हता. गांधीजींच्या सत्याग्रहाकडे ते लक्षपूर्वक पाहत होते. १९४८ साली सिनेटच्या समितीसमोर त्यांनी सांगून टाकले की सैन्यात भेदभाव राहणार असेल तर तरुणांनी भरतीला नकार द्यावा असा आपण प्रचार करू. हा देशद्रोह ठरू शकतो, तुरुंगात जावे लागेल, याची जाणीव त्यांना करून देण्यात आली. त्यांनी ती किंमत मान्य केली. २६ जुलै १९४८ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी सैन्यात सर्वांना समान वागणूक देण्याचा आदेश काढला. केवळ कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या पलटणी १९५४ पर्यंत इतिहासजमा झाल्या.

बावीस वर्षांनी निघालेला मोर्चा

रोझा पार्क्स यांना १९५५ साली अटक झाली तेव्हा त्यांना जामिनावर सोडवायला गेलेले ई. डी. निक्सन हे पुलमन पोर्टर आणि माँटगोमेरीतील ब्रदरहुडच्या शाखेचे प्रमुख होते. तरुण पाद्री किंग यांना या लढ्यात ओढणाऱ्यांतही निक्सन होते. पोर्टरांनी तीस वर्षे जी संघटना आणि जी शिस्त उभी केली होती, ती अशी कामी आली.

कामगार चळवळीच्या आतही रँडॉल्फ यांचा झगडा चालू होता. अनेक कामगार संघटना कृष्णवर्णीयांना सभासद करून घेत नसत. दरवर्षीच्या अधिवेशनात रँडॉल्फ उठत आणि हा विषय काढत. लोक कंटाळत, उठून जात. हे मात्र पुढच्या वर्षी पुन्हा उभे! १९५५ साली ते देशव्यापी कामगार महासंघाचे एक उपाध्यक्ष झाले, तरी त्यांनी हे टुमणे सोडले नाही.

१९६३ साली, वयाच्या ७४ व्या वर्षी, त्यांनी बावीस वर्षांपूर्वीचा मोर्चा पुन्हा हाती घेतला. त्याचे पूर्ण नाव होते नोकऱ्या आणि स्वातंत्र्यासाठी वॉशिंग्टनवर मोर्चा. आज त्यातले स्वातंत्र्य लक्षात राहिले आहे आणि नोकऱ्या विस्मरणात गेल्या आहेत. रँडॉल्फ यांचे म्हणणे असे, की हॉटेलात बसण्याचा हक्क मिळाला पण जेवणाचे बिल भरायला पैसे नसतील तर तो हक्क अर्धाच. म्हणून मोर्चाच्या मागण्यांत नोकरीतील भेदभावाविरुद्ध कायदा आणि ताशी दोन डॉलर्स किमान वेतन यांचा समावेश होता.

संयोजनाचे काम त्यांनी बेयर्ड रस्टिन यांच्यावर सोपवले. रस्टिन समलिंगी होते आणि पूर्वी कम्युनिस्ट होते, यावरून सिनेटमध्ये त्यांच्यावर चिखलफेक झाली. रँडॉल्फ त्यांच्या पाठीशी उभे राहिले. दोन महिन्यांत रस्टिन यांनी सारे जमवून आणले, अगदी ८० हजार जेवणाच्या डब्यांपर्यंत! २८ ऑगस्ट १९६३ रोजी सुमारे अडीच लाख लोक जमले. पहिले मोठे भाषण रँडॉल्फ यांचे झाले, शेवटचे किंग यांचे. ल्युसिल हा दिवस पाहायला नव्हत्या. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्यांचे निधन झाले होते. गर्दी पांगल्यावर रँडॉल्फ मंचावर एकटेच उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, अशी आठवण रस्टिन यांनी नोंदवली आहे.

मोर्चाला एक डागही आहे. त्या दिवशी एकाही स्त्रीला प्रमुख वक्त्यांत स्थान नव्हते. ॲना हेजमन यांनी आधीच आक्षेप घेतला होता. स्त्री पत्रकारांना फक्त गॅलरीत बसू देणाऱ्या प्रेस क्लबमध्ये रँडॉल्फ भाषण करणार होते. पॉली मरे यांनी त्यांना निषेधाचे पत्र लिहिले. तरी ते गेले. जन्मभर वेगळ्या जागांविरुद्ध लढलेल्या माणसाला ही वेगळी जागा खुपली नाही. समतेची लढाई लढणाऱ्यालाही आपल्या नजरेआडची विषमता कुणीतरी दाखवून द्यावी लागते, ती अशी.

२ जुलै १९६४ रोजी नागरी हक्कांचा कायदा झाला. त्याच्या सातव्या भागाने नोकरीत वंश, रंग, धर्म, लिंग आणि मूळ देश यांवरून भेदभाव करणे बेकायदा ठरवले. १९४१ सालच्या आदेशाचा धागा असा इथपर्यंत आला. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी रँडॉल्फ यांना देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान दिला.

आपला संबंध

१९२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात भारतीय माणूस गोरा नाही म्हणून त्याला नागरिकत्व देता येत नाही, असा निकाल दिला होता. १९४६ साली दार किलकिले झाले, तेही वर्षाला शंभर भारतीयांपुरते. नागरी हक्कांच्या चळवळीने देशाचे वातावरण बदलले आणि ३ ऑक्टोबर १९६५ रोजी नवा स्थलांतर कायदा झाला. मूळ देशानुसार ठरवलेले जुने कोटे त्याने रद्द केले. पुणे-मुंबई-नागपूरहून आलेले इंजिनिअर आणि डॉक्टर, आपली पहिली मंडळे, पहिले गणेशोत्सव हे सारे त्यानंतरचे. रँडॉल्फ यांनी हे आपल्यासाठी केले नव्हते. पण त्यांनी आणि त्यांच्यासारख्या हजारोंनी जे दार ढकलले, त्यातून आपण आत आलो.

आपण कष्टाने वर आलो, हे खरेच आहे. पण आपल्या गप्पांमध्ये कधीकधी पुढचे वाक्यही येते, की आम्हाला जमले तर यांना का जमत नाही? रँडॉल्फ यांचे चरित्र हे त्याचे उत्तर आहे. पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झालेल्या मुलाला हमाली मिळाली. आपल्या पदवीची किंमत झाली, कारण पदवी पाहण्यापूर्वी कातडी पाहायची नाही असा नियम आपण यायच्या आधी कुणीतरी लढून करून घेतला होता.

आणखी एक गोष्ट. त्या कायद्याच्या यादीत जातीचा उल्लेख नाही. २०२३ साली सिॲटल शहराने जातीवरून भेदभाव करण्यास बंदी घातली, तेव्हा आपल्या लोकांमध्ये बरीच चर्चा झाली, मतभेदही झाले. मते काहीही असोत, नोकरीत आपल्याला जो न्याय हवा असतो तोच आपल्या हाताखालच्या माणसाला आणि आपल्या शेजाऱ्याला मिळतो का, हा प्रश्न प्रत्येकाने आपापल्या घरी विचारायला हरकत नाही.

अखेर

१९६८ साली रँडॉल्फ ब्रदरहुडच्या अध्यक्षपदावरून निवृत्त झाले. विमाने आणि मोटारी आल्यामुळे पुलमनचे डबेही तोवर ओस पडले होते, आणि पुढे १९७८ साली ब्रदरहुड दुसऱ्या रेल्वे संघटनेत विलीन झाली. हार्लेममध्ये चोरट्यांनी लुटून मारहाण केल्यानंतर ते मॅनहॅटनमधील कामगारांच्या सहकारी वसाहतीत राहायला गेले. तेथेच १६ मे १९७९ रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी त्यांचे निधन झाले. मूलबाळ नव्हते, मालमत्ता जवळजवळ नव्हतीच.

वॉशिंग्टनच्या युनियन स्टेशनात आणि बोस्टनच्या बॅक बे स्टेशनात त्यांचे पुतळे आहेत. शिकागोच्या पुलमन भागात पोर्टरांचे संग्रहालय आहे, त्यालाही त्यांचेच नाव दिले आहे. सुटीत मुलांना घेऊन या शहरांत जाणे झाले तर थोडी वाट वाकडी करून जरूर पाहून या. आणि पुढच्या फेब्रुवारीत प्रोजेक्टसाठी नाव शोधायची वेळ आली, तर मुलांना हे नाव सुचवा.